साखर, लिव्हर आणि घरातली चार माणसं

‘लिव्हर खराब झालंय’ असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. काही जण थेट विचारतात, “पीत होते का?” काही जण जरा आडून येतात, “तशी काही सवय होती का?” आणि जे काहीच विचारत नाहीत, त्यांनी मनातल्या मनात उत्तर ठरवून टाकलेलं असतं.

माझे वडील, अप्पा, मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागात तोलणार आहेत. गेली तीस वर्षं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि ती दाखवायची नव्हे तर पाळायची आहे. दारू सोडा, हळदी-कुंकवातलं आइस्क्रीमसुद्धा ते ‘त्यात अंडं असतं का?’ असं विचारून खातात. तरी त्यांचं लिव्हर गेलं. गाळ्यावरच्या कुणीतरी मागून म्हटलेलं त्यांच्या कानावर आलं, “माळ वरून, बाटली आतून.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अप्पांचं लिव्हर साखरेने गेलं. म्हणजे मधुमेहाने. असं होऊ शकतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनाही नव्हतं. पायाला जखम होते, किडनी जाते, डोळे जातात, हे सगळ्यांना पाठ असतं. लिव्हरचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही.

म्हणून हे लिहितेय. मधुमेह असलेल्या माणसाचं लिव्हर बदलायचं की नाही, हे ठरवताना नेमकं काय काय तपासलं जातं, हे मी गेल्या आठ महिन्यांत जवळून पाहिलं. ती तपासणी अप्पांची सुरू झाली आणि बघता बघता आमच्या चौघांची झाली.

सडपातळ माणसाची चरबी

अप्पा कधीच जाड नव्हते. यार्डात सकाळपासून उभं राहायचं, पोती काट्यावर चढवायला हमालांना हात लावायचा, वजन पुकारायचं, लिहायचं. चालणं भरपूर. जेवण साधं. चहा मात्र दिवसातून आठ-दहा वेळा, आणि तो यार्डातला चहा, म्हणजे साखरेचा पाक. चाळिशीत मधुमेह निघाला तेव्हा सगळे म्हणाले, “यांना कसा काय?”

या ‘कसा काय’चं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं याच विषयावर काम करत आले आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी असतात, पण त्या कमी वजनातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये त्यांचा एक फोटो छापून आला. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून दोघं सारखेच, आतला हिशेब वेगळा.

ही आतली चरबी पोटात साठते, लिव्हरमध्ये साठते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की लिव्हर आणखी चरबी बनवतं. काही जणांच्या बाबतीत त्या चरबीमुळे लिव्हरला सूज येते, सुजेच्या जागी व्रण पडतात, व्रण वाढत जाऊन लिव्हर दगडासारखं टणक होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात. या प्रवासाला दहा-वीस वर्षं लागतात आणि त्या काळात दुखत काहीच नाही.

आयसीएमआरचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. म्हणजे सरकारदरबारी हे माहीत आहे. आमच्या आळीत नव्हतं.

अप्पांचं कळलं ते डेंग्यूच्या साथीत. ताप आला म्हणून रक्त तपासलं, प्लेटलेट कमी. डेंग्यू निघाला नाही, ताप उतरला, पण प्लेटलेट कमीच राहिल्या. सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत आणि प्लीहा मोठी दिसली. वर्षभराने पोटात पाणी झालं. मग एका रात्री रक्ताची उलटी. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरबँड लावून ते थांबवलं. शुद्धीवर आल्यावर अप्पांनी विचारलं, “आज बाजार आहे का?”

लिव्हरच्या डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा ‘प्रत्यारोपण’ हा शब्द काढला. आणि लगेच म्हणाले, “पण शुगर आहे, त्यामुळे आधी सगळं नीट तपासावं लागेल.”

चांगला रिपोर्ट, वाईट बातमी

सगळ्यात आधी गोंधळ झाला तो तीन महिन्यांच्या साखरेच्या रिपोर्टने. एचबीएवनसी. मधुमेह असलेल्या घरात हा आकडा परीक्षेच्या निकालासारखा असतो. अप्पांचा वर्षानुवर्षं साडेआठ-नऊ असायचा. यंदा आला ५.६. अप्पा खूश. “बघ, पथ्य पाळलं की होतं,” असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. त्यांनी समजावलं ते असं: एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून तिच्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण सिरॉसिसमध्ये प्लीहा फुगलेली असते आणि ती लाल पेशी लवकर मोडून टाकते. शिवाय रक्तस्राव झालेला, मध्ये दोन बाटल्या रक्त चढवलेलं. पेशी नव्या, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. आकडा चांगला दिसतो, साखर तशीच असते.

मग दंडावर एक छोटा सेन्सर लावला. तो दोन आठवडे दर काही मिनिटांनी साखर मोजतो. त्यातून दिसलं की सकाळी उपाशीपोटी अप्पांची साखर ठीक असते, जेवल्यावर तीनशेच्या वर जाते आणि पहाटे कधी कधी सत्तरच्या खाली येते. आजारी लिव्हरचं हे खास लक्षण. निरोगी लिव्हर जेवणानंतर साखर साठवतं आणि रात्रभर थोडी थोडी सोडतं. अप्पांच्या लिव्हरचं गोदामच मोडकळीला आलेलं. माल आला तर ठेवायला जागा नाही, लागला तर द्यायला शिल्लक नाही.

गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं. आणि आईला सांगितलं की झोपताना यांना काहीतरी खायला द्या.

इथे घरात पहिलं भांडण झालं. सतरा वर्षं आईने रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद ठेवलं होतं. ‘शुगरवाल्याने रात्री खायचं नाही’ हा तिचा कायदा. आता डॉक्टर म्हणत होते की रात्रभर उपाशी राहिलं तर यांचं शरीर स्वतःचेच स्नायू खातं. आईला ते पटेना. तिने आहारतज्ज्ञांना तीन वेळा फोन करून तोच प्रश्न विचारला. शेवटी रात्री दहा वाजता एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मुगाचं घट्ट वरण असं ठरलं. अप्पा ते खाताना आई त्यांच्याकडे बघत नसे.

कोणता आकडा कशासाठी

लिव्हर किती खराब आहे हे मोजायला एक गुणांकन वापरतात, मेल्ड. रक्तातलं बिलिरुबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ सांगणारा आयएनआर आणि किडनीचं क्रिएटिनिन या तीन आकड्यांवरून ते काढतात. नंतर त्यात सोडियमही धरायला लागले. सहापासून चाळीसपर्यंत गुण. जितके जास्त तितका माणूस मरणाच्या जवळ. साधारण पंधराच्या पुढे गेलं की प्रत्यारोपणाचा विचार होतो. अमेरिकेत २००२ पासून लिव्हर कुणाला आधी द्यायचं, हे मेल्डवरून ठरतं. अप्पांचे गुण १८.

या गुणांकनात मधुमेह कुठेच नाही. आणि तेच आम्हाला समजून घ्यायला वेळ लागला. मेल्ड सांगतो की शस्त्रक्रिया नाही केली तर काय होईल. शस्त्रक्रिया केली तर हा माणूस ती झेपवेल का, आणि झेपवली तर पुढची दहा वर्षं नवं लिव्हर सांभाळेल का, हे मेल्ड सांगत नाही. मधुमेहाचा संबंध या दुसऱ्या प्रश्नाशी. नुसता मधुमेह आहे म्हणून कुणाला नाकारत नाहीत. मधुमेहाने आजवर आत काय काय करून ठेवलंय, ते बघतात.

सगळ्यात आधी हृदय. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखतंच असं नाही. अप्पांचं कधीच दुखलं नव्हतं. ट्रेडमिलवर पळवायची ताकद नव्हती, म्हणून औषधाने हृदय पळवून त्याची सोनोग्राफी केली. ती संशयास्पद वाटली म्हणून अँजिओग्राफी. एक रक्तवाहिनी निम्मी अरुंद निघाली. स्टेंटची गरज नाही, गोळ्यांवर भागेल असं ठरलं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. स्टेंट टाकला असता तर रक्त पातळ करणारी औषधं घ्यावी लागली असती, आणि ज्याच्या प्लेटलेट साठ हजारांच्या खाली आहेत, अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या आहेत, त्याला ती औषधं देणं म्हणजे एका बाजूने विहीर, दुसऱ्या बाजूने आड. हृदयाची एवढी काळजी का, तर शस्त्रक्रियेत नवं लिव्हर जोडून रक्तप्रवाह सोडतात, त्या काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. तो झटका हृदयाला सोसावा लागतो.

मग किडनी. अप्पांचं क्रिएटिनिन १.१, म्हणजे दिसायला चांगलं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि अप्पांचे स्नायू झडलेले. त्यामुळे इथेही आकड्यावर विश्वास नाही. लघवीतलं प्रथिन मोजलं, वेगळी रक्ततपासणी केली, स्कॅन केला. किडनीला थोडी झळ लागली होती, पण फक्त लिव्हर बदलून भागेल असं निघालं. किडनी फारच खराब असती तर दोन्ही अवयव एकदम बदलायचा विचार करावा लागला असता.

डोळ्यांचे पडदे. पायांची संवेदना. तळव्यावर जखम आहे का. दातांत कीड आहे का. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, तेव्हा पायाची साधी भेग किंवा किडलेली दाढसुद्धा जीवघेणी ठरू शकते. अप्पांच्या दोन दाढा काढल्या. जुना टीबी आहे का म्हणून छातीचा सीटी स्कॅन. लिव्हरमध्ये गाठ आहे का म्हणून पोटाचा.

आणि ताकद. एका मुलीने अप्पांच्या हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाली, “काका, जोरात दाबा.” काटा सतरा किलोवर थांबला. मग खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळी अप्पांनी हात टेकला. ती म्हणाली, “चालेल काका, थांबा.” अप्पांनी तिला विचारलं, “परत करू का?” तिने नको म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पन्नास किलोचं पोतं सरकवायचो गं मी.” त्या मुलीला उद्देशून ते बोलले नाहीत, पण तिने ऐकलं आणि पुन्हा एकदा करू दिलं. चार झाले.

दारूबद्दल समुपदेशकांनीही विचारलं. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून माळ दाखवली. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, मला सगळ्यांना विचारावं लागतं. तुम्ही नाही म्हणालात, मी नाही लिहिलं.” यार्डात इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर ऐकण्यासाठी विचारला होता. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, “बाई चांगली आहे.”

कोण देऊ शकतं

लिव्हर दोन वाटांनी मिळतं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी दान केलं तर, किंवा जिवंत माणसाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर. पहिल्या वाटेसाठी रुग्णालयामार्फत झेडटीसीसी पुणे या संस्थेच्या प्रतीक्षायादीत नाव जातं. रक्तगट जुळायला हवा, अवयवाचा आकार जुळायला हवा, आणि कुणाच्या तरी घरी आकाश कोसळलेलं असताना त्यांनी हो म्हणायला हवं. कधी मिळेल, कुणी सांगत नाही.

दुसऱ्या वाटेला १९९४ चा कायदा आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं, एवढे ‘जवळचे नातेवाईक’. काका, मामा, जावई, सून यांना द्यायचं असेल तर समितीपुढे जावं लागतं. भोरहून माझा चुलतभाऊ स्वतःहून आला होता, रक्तगटही जुळत होता. पण डॉक्टर म्हणाले, आधी घरातले बघू.

घरातले म्हणजे आम्ही तिघं. आई बाद झाली पहिल्या पाच मिनिटांत. तिला अकरा वर्षं मधुमेह आहे. दादा एकतीस वर्षांचा, यार्डातच एका गाळ्यावर दिवाणजी. तो आधीच ठरवून आला होता की देणार तर मीच. त्याचं रक्त तपासलं, एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सीटी स्कॅनमध्ये त्याच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. सर्जन म्हणाले, “आठ किलो वजन कमी करा. तीन महिन्यांनी परत बघू.” ज्या आजाराने वडिलांचं लिव्हर गेलं, त्याच आजाराची पहिली पायरी मुलाच्या लिव्हरमध्ये होती. तेच ताट, तोच चहा, तोच बांधा. दादा त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलला नाही.

उरले मी. सत्तावीस वर्षांची, ओ पॉझिटिव्ह, लिव्हर स्वच्छ. उजवा भाग दिला तर माझ्याकडे ३६ टक्के उरेल, आणि किमान तीसेक टक्के लागतात. उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळपास पूर्ववत होतो. हे सगळं ऐकायला सोपं आहे. दात्याच्या जिवाला धोका किती, हे मी विचारलं. उजवा भाग देणाऱ्यांत साधारण हजारात दोन ते पाच. डॉक्टरांनी आकडा लपवला नाही, याचं मला बरं वाटलं.

पण आईला आकडा नको होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातच एका बाईने नवऱ्याला लिव्हर दिलं आणि काही दिवसांच्या अंतराने दोघंही गेले. ती बातमी आईने वाचली होती, आणि ती तिच्या मनातून जात नव्हती. ती म्हणाली, “एकाच दिवशी दोघं आत. मी बाहेर कुणाच्या दाराशी बसू?”

अप्पांनी तर विषयच तोडला. “लेकीचं पोट फाडून मला जगायचं नाही.” मावशीने वेगळी काळजी काढली, “तिचं लग्न व्हायचंय, एवढा मोठा व्रण दिसणार.” माझ्या पोटाबद्दल घरातला प्रत्येक जण बोलत होता.

हे आमच्याच घरात घडतं असं नाही. देशात १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झाली. जिवंत दात्यांमध्ये मात्र बायका जास्त. म्हणूनच असेल, २०१४ च्या नियमांत लिहिलंय की दाती स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्या, तिची संमती तिची स्वतःची आहे ना, याची खात्री रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

माझ्याशी समुपदेशक एकट्याशीच बोलल्या. दार बंद, फोन बाहेर.

“घरातून कुणी ‘दे’ म्हणालं?”

“नाही.”

“‘देऊ नको’ म्हणालं?”

“सगळेच.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या की शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत तू कधीही नाही म्हणू शकतेस. आणि तुला घरी कारण सांगायचं नसेल तर आम्ही एवढंच सांगू की तुझं लिव्हर वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही. कारण विचारलं तरी सांगणार नाही.

हे ऐकून मला धीर आला. आणि जिना उतरताना एक विचार मनात आला, तो मला घरापर्यंत पुरला. दादाचं ‘फॅटी लिव्हर’ खरं आहे ना? की त्यालाही बंद दाराआड असंच काही सांगितलं, आणि त्याने ते दार उघडलं? त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. त्याने उघडलं असेल तर त्याला कोण दोष देणार? मी त्याला विचारलं नाही. विचारण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. ज्याला नाही म्हणायचंय त्याला लपायला जागा मिळावी म्हणून तर ती व्यवस्था आहे.

पुढे पंधरा दिवसांनी, रात्री अप्पांची भाकरी झाल्यावर, दादाने त्याचा सीटीचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. “वाच,” म्हणाला. मी म्हटलं, “मला कशाला?” तो म्हणाला, “वाच तर.” मी वाचला. चरबी होती. तो काही बोलला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे पाचला चालायला जाऊ लागला. यार्डातला चहा बिनसाखरेचा मागतो, तर टपरीवाला म्हणतो, “साहेब झाला काय?”

पैसे आणि पुढचं

खाजगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेला वीस-पंचवीस लाख लागतात. आमच्याकडे बिबवेवाडीतलं दोन खोल्यांचं घर आणि अप्पांचा फंड आहे. माथाडी कायदा १९६९ चा. त्यामुळे हमाल-तोलणारांना निदान फंड, रजा, बोनस असं काही मिळतं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात उभं केलेलं काम नसतं, तर अप्पा आज नुसते ‘आजारी पडलेला मजूर’ असते. तरी पंचवीस लाख ही वेगळीच गोष्ट आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, मुख्यमंत्री सहायता निधी असतो, ट्रस्ट असतात. मी गेल्या दोन महिन्यांत उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्ड आणि कोटेशन यांच्या इतक्या झेरॉक्स काढल्यात की झेरॉक्सवाला आता अप्पांची तब्येत विचारतो. यार्डातल्या लोकांनी गोळा करून एक पाकीट दिलं. त्यात ‘बाटली आतून’ म्हणणाऱ्याचेही पाचशे रुपये होते. अप्पांनी यादीत त्याचं नाव वाचलं आणि यादी घडी करून ठेवली.

मूल्यमापनाच्या बैठकीत शेवटी ठरलं: प्रत्यारोपण करता येईल. जोखीम सरासरीपेक्षा जास्त, पण नाकारण्याइतकी नाही. अप्पांचं नाव यादीत गेलं. दादाची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा. माझी फाईल तयार ठेवायची. अप्पा त्या फाईलबद्दल बोलत नाहीत. मी ती कपाटात ठेवलीय, त्यांना ठाऊक आहे कुठे.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. नवं लिव्हर मिळालं म्हणून मधुमेह जाणार नाही. ज्यांचा मधुमेह लिव्हरच्या आजारामुळेच आलेला असतो, त्यांच्यात काहींचा सुधारतो. अप्पांचा आधीपासूनचा. उलट नंतर दिली जाणारी स्टेरॉइडं आणि टॅक्रोलिमस नावाचं औषध साखर वाढवतात, टॅक्रोलिमस किडनीलाही त्रास देतं. काळजी घेतली नाही तर नव्या लिव्हरमध्येही चरबी साठते. अप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे चहा कायमचा गेला?” डॉक्टर म्हणाले, “चहा नाही, साखर गेली.”

एक छोटं गणित

जागरणाच्या रात्री मी लिव्हरबद्दल खूप वाचलं. त्यात एक सूत्र सापडलं, फिब-४. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. हे सगळे आकडे नेहमीच्या, काही शे रुपयांच्या रक्ततपासणीत असतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर बहुधा काळजी नाही. २.६७ च्या वर आलं तर लिव्हरमध्ये व्रण वाढल्याची शक्यता मोठी. मधे आलं तर फायब्रोस्कॅन करून घ्यायचा. पस्तिशीच्या आतल्यांना ते नीट लागू पडत नाही, पण आपल्या आई-वडिलांच्या वयाला पडतं.

अप्पांची जुनी फाईल काढली. सहा वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट मिळाला. वय ५१, एएसटी ६२, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख ३२ हजार. मोबाईलवर गणित केलं. उत्तर ३.४.

तेव्हा पोटात पाणी नव्हतं, रक्ताची उलटी नव्हती, अप्पा रोज यार्डात जात होते. चार आकडे एकाच कागदावर होते. त्यांची सांगड घालायची पद्धत तेव्हाही होती, पण गल्लीतल्या दवाखान्यात ती पोचलेली नव्हती. त्या कागदावर कुणीतरी पेनाने ‘शुगर कंट्रोल करा’ एवढं लिहिलंय.

तुमच्या घरात मधुमेह असलेलं कुणी असेल, तर आज त्यांचा शेवटचा रिपोर्ट काढा आणि हे गणित करा. दोन मिनिटं लागतात. उत्तर काहीही आलं तरी घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. व्रण सुरुवातीचे असतील तर वजन आणि साखर आटोक्यात आणून ते थोपवता येतात, मागेही फिरवता येतात.

मी त्याच रात्री आईचंही केलं. वय ५३, एएसटी ३८, एएलटी ३६, प्लेटलेट २ लाख १० हजार. उत्तर १.६.

म्हणजे मधलं. अप्पांच्या तपासण्यांसाठी आठ महिने आई आमच्याबरोबर प्रत्येक मजल्यावर बसून होती, कुणाचा डबा, कुणाची औषधं, कुणाची चप्पल सांभाळत. तिच्या स्वतःच्या मधुमेहाबद्दल एवढंच कळलं होतं की ती दाता होऊ शकत नाही. त्यापुढे तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

सकाळी तिला सांगितलं. ती म्हणाली, “माझं काय बघायचंय आता? आधी यांचं होऊ दे.”

अप्पा खाटेवरून म्हणाले, “पोरीचं ऐक.”

तिची फायब्रोस्कॅनची वेळ पुढच्या मंगळवारी सकाळी दहाची आहे. तीन तास आधीपासून काही खायचं नाही. ती म्हणते, तेवढं तिला जमेल.